गणित संगणकावर सोपवायचं म्हणजे नेमकं काय सोपवायचं?

मागच्या अंकात कॉनरॅड वुल्फ्रम या ब्रिटिश सॉफ्टवेअर उद्योजकाच्या म्हणण्याची छोटी ओळख दिली होती. आकडेमोड संगणकावर सोपवा आणि शाळेत उरलेलं गणित शिकवा, असं ते म्हणतात. त्यावर खानापूर, निपाणी, चिकोडी आणि बेळगाव शहरातून पत्रं आली. त्यांतली निवडक इथे घेतली आहेत.

हे गृहस्थ सॉफ्टवेअर विकतात, म्हणूनच संगणकाची वकिली करत नाहीत ना? त्यांचं म्हणणं मुळात आहे तरी काय?
— निवृत्त मुख्याध्यापक, खानापूर

शंका रास्त आहे. 'मॅथेमॅटिका' आणि 'वुल्फ्रम अल्फा' ही गणितं सोडवणारी सॉफ्टवेअर काढणाऱ्या कंपनीची युरोपातली शाखा ते चालवतात आणि कंपनीचे संस्थापक स्टीफन वुल्फ्रम हे त्यांचे थोरले भाऊ. तेव्हा हितसंबंध आहे, तो ध्यानात ठेवूनच वाचावं. मांडणी मात्र कंपनीशिवायही उभी राहते. त्यांच्या मते गणिताच्या कामाला चार पायऱ्या असतात: प्रश्न नेमका ठरवणं, तो गणिताच्या भाषेत मांडणं, आकडेमोड करणं आणि आलेलं उत्तर मूळ प्रश्नाला लावून पाहणं. शाळेतला सुमारे ८० टक्के वेळ तिसऱ्या पायरीवर जातो आणि यंत्राला माणसापेक्षा सरस जमते ती नेमकी हीच पायरी. 'टेड' या व्याख्यानमालेतल्या २०१०च्या व्याख्यानात त्यांनी हे मांडलं. ८० हा त्यांचा अंदाज आहे, मोजणी नव्हे. पण दहावीच्या कुठल्याही वहीची पानं उलटून पाहिली तर तो फारसा चुकीचा वाटत नाही.

२०१३ मध्ये एस्टोनियाने संभाव्यता आणि सांख्यिकी हे भाग या पद्धतीने शिकवून पाहण्यासाठी त्यांच्याशी करार केला. पण शाळेत संगणक आणून ठेवले की काम झालं, असं कुणी समजू नये. शाळांमधल्या संगणकांवर मोठा खर्च केलेल्या देशांत वाचन, गणित, विज्ञानात ठळक सुधारणा दिसली नाही, असं ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या आर्थिक संघटनेचा २०१५चा अहवाल सांगतो. आमच्या मते त्याचं एक कारण साधं आहे. फळ्यावरची जुनी उदाहरणं पडद्यावर गेली, पायऱ्यांची वाटणी होती तशीच राहिली.

आमची मराठी माध्यमाची हायस्कूल आहे. दहावीच्या वर्गावर घेता येईल असा एक पूर्ण पाठ द्या. नुसतं तत्त्वज्ञान नको.
— गणित शिक्षिका, निपाणी

बाई, गाडीचं कर्ज घ्या. पोरांच्या घरी हा विषय असतोच आणि अंकगणिती श्रेढी, म्हणजे सारख्या फरकाने बदलणाऱ्या संख्यांची रांग, हीसुद्धा त्यात येते. चाळीस मिनिटांचे तीन तास लागतील.

पहिल्या तासाला संगणक बंद. फळ्यावर एवढंच लिहा: कर्ज ८०,००० रुपये, मुदत २४ महिने, विक्रेता म्हणतो "फक्त १२ टक्के, सरळ व्याज". त्याच्या हिशेबाने व्याज १९,२०० आणि महिन्याचा हप्ता ४,१३३.३३ रुपये होतो. आता विचारा, व्याज खरंच १२ टक्के आहे का? मुद्दल तर दर महिन्याला फिटत जातं, मग व्याज शेवटपर्यंत पूर्ण ८०,०००वर का? ही पहिली पायरी. इथे घाई करू नका, पोरांना भांडू द्या. मग अदमास काढायला लावा. बाकी ८०,००० पासून शून्यापर्यंत उतरते, म्हणजे सरासरी बाकी ४०,०००च्या आसपास. वर्षाला ९,६०० व्याज, म्हणजे साधारण २४ टक्के. हा आकडा फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, पुसू नका.

याच तासात तुलनेसाठी दुसरी रीत हाताने करून घ्या. मुद्दल दर महिन्याला सारखं, म्हणजे ३,३३३.३३ फेडलं आणि उरलेल्या मुद्दलावर महिना १ टक्का व्याज दिलं, तर व्याजाचे आकडे ८००, ७६६.६७, ७३३.३३ असे उतरत शेवटी ३३.३३ वर येतात. हीच श्रेढी. बेरीज १२ गुणिले ८३३.३३, म्हणजे १०,०००. विक्रेत्याचे १९,२०० आणि हे १०,००० शेजारी शेजारी लिहिले की वर्ग आपोआप शांत होतो.

दुसऱ्या तासाला लिब्रेऑफिस कॅल्क हे ओळी-रकान्यांच्या घरांत हिशेब करणारं सॉफ्टवेअर उघडा. ते फुकट आहे आणि इंटरनेटविना चालतं. बी१ (बी रकान्यातलं पहिल्या ओळीचं घर) मध्ये कर्ज, बी२ मध्ये वार्षिक दर १२, बी३ मध्ये हप्ता. पाचव्या ओळीत मथळे: महिना, सुरुवातीची बाकी, व्याज, अखेरची बाकी. सहाव्या ओळीत ए६ ला १, बी६ ला बी१ ची किंमत, सी६ ला "बी६ गुणिले बी२ भागिले १२००", डी६ ला "बी६ अधिक सी६ उणे बी३". सातव्या ओळीत ए७ म्हणजे ए६ अधिक १, बी७ म्हणजे डी६. मग सगळं २९व्या ओळीपर्यंत खाली ओढायचं, म्हणजे २४ महिने भरतात.

चुका ठरलेल्या जागी होतात. सूत्रातल्या बी२ आणि बी३ ला, घर जागचं हलू न देणारं, डॉलरचं चिन्ह लावलं नाही तर खाली ओढताना बी२ चं बी३ होतं, दराच्या जागी हप्ता बसतो आणि दुसऱ्याच महिन्याचं व्याज अडीच लाखांवर जातं. दराच्या घरात टक्क्याच्या चिन्हासकट १२ टाकले तर यंत्र ते ०.१२ धरतं आणि पहिल्या महिन्याचं व्याज ८०० ऐवजी ८ रुपये येतं. रकमेपुढे "रु." लिहिलं तर तो आकडा न राहता मजकूर होतो. ओळखायची खूण अशी की मजकूर घराच्या डाव्या कडेला चिकटतो, आकडा उजव्या. या चुका तुम्ही आधी सांगू नका. अडीच लाखांचं व्याज बघून पोर दचकलं नाही, तर पहिला तास वाया गेला असं समजा.

सगळं बरोबर भरलं तर शेवटची बाकी सुमारे उणे ९,९०० दिसेल. म्हणजे दर खरोखर १२ असता तर गिऱ्हाइकाने तेवढे जादा भरले. आता बी२ बदलत जायचं. २० टाकलं तर बाकी अजून उणे, २२ टाकलं तर अधिक. उत्तर या दोहोंच्या मध्ये आहे. हे चार-पाच वेळा हाताने करू द्या आणि मगच टूल्स मेन्यूतलं, हव्या त्या उत्तरासाठी लागणारा आकडा शोधून देणारं 'गोल सीक' दाखवा: सूत्राचं घर डी२९, लक्ष्य ०, बदलतं घर बी२. उत्तर येतं सुमारे २१.६. हे २४ घातांकाचं समीकरण कागदावर कुणीही सोडवत नाही. कोपऱ्यातल्या २४ शी ते ताडून पाहा.

तिसऱ्या तासाला पुन्हा संगणक बंद. प्रत्येकाने घरच्यांना समजेल अशा पाच ओळी लिहायच्या: १२ म्हणतात आणि २१.६ पडतात, ते कसं? बहुतेक पोरं इथेच अडतात. पाठाचा खरा अभ्यास हाच आहे.

एसएसएलसीचा, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीच्या परीक्षेचा, पेपर ८० गुणांचा आणि हातानेच लिहायचा, त्यामुळे आठवड्याला एकापेक्षा जास्त तास यावर घालवा असं आम्ही म्हणणार नाही. अंतर्गत मूल्यमापनाच्या २० गुणांत मात्र हे काम नीट बसतं.

पोरगी सातवीत आहे. सगळं यंत्रच करणार असेल तर पाढे कशाला? आमच्या आईला तर पावकी-निमकीसुद्धा पाठ होती.
— पालक, शहापूर, बेळगाव

पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी: पावापासून साडेतीनपर्यंतचे हे अपूर्णांकांचे पाढे. आज साडेतीनचा पाढा कुणाला येतो? आणे-पैचा हिशेब होता तोवर त्यांची गरज होती. १९५७ मध्ये दशमान नाणी आली आणि हळूहळू ते पाढे शाळेतून गेले. त्याने गणित बुडालं नाही. म्हणजे तिसऱ्या पायरीतला काही भाग टाकून देणं आपल्याला नवीन नाही.

तरी पाढे सोडू नका. वर अदमासाचं काम पाहिलंत, ते पाढ्यांशिवाय होत नाही. दहापर्यंतचे पाढे झोपेतून उठवलं तरी यावेत, दहा, पंचवीस, पन्नास टक्के तोंडी काढता यावेत आणि अपूर्णांकांतला लहानमोठा ओळखता यावा. पाच आकडी भागाकारांची पानंच्या पानं भरून घेणं मात्र थांबवलं तरी चालेल. त्याऐवजी घरच्या डेअरीची पावती पुढे ठेवा. सकाळी ६ लिटर, फॅट ४. संध्याकाळी ४ लिटर, फॅट ५. दिवसाची सरासरी फॅट किती? ४.५ म्हणाली तर तिला लिटरांची आठवण करून द्या. उत्तर ४.४ आहे.

जांबोटीकडे पावसाळ्यात वीज टिकत नाही. संगणक चार, मुलं अडतीस. काय करावं?
— सहशिक्षक, खानापूर तालुका

आधी वेळापत्रक बदला. वर निपाणीच्या बाईंना दिलेल्या पाठातला पहिला तास यंत्राविना आहे, तो पावसाळ्यात घ्या, यंत्राचे तास दिवाळीनंतर सलग लावा आणि तिसरा त्यांच्यामागून घ्या. डेस्कटॉपला लावलेला लहान यूपीएस फाईल जतन करण्यापुरता असतो, वर्ग चालवण्यासाठी नव्हे. जुना लॅपटॉप मिळाला तर तो बरा. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला पाच व्होल्टचा पुरवठा पुरतो आणि त्यावर २०१३ पासून मॅथेमॅटिकाही फुकट मिळते. पडद्याची वीज मात्र वेगळी धरा. लिब्रेऑफिस आणि जिओजेब्रा (भूमिती-आलेखांचं सॉफ्टवेअर) पेन ड्राइव्हवर आणून ठेवा, वर्ग सुरू असताना डाउनलोड करायला जाऊ नका.

अडतीस मुलांचे दोन गट करा. एक गट कागदावर, एक यंत्रावर. एका यंत्रापाशी चार-पाच जण. कळफलकावर बसलेल्याने स्वतः काहीही ठरवायचं नाही, दुसऱ्याने सांगितलेलं फक्त टंकायचं. तिसऱ्याने अदमास धरून उत्तर तपासायचं, बाकीच्यांनी नोंद ठेवायची. दर आठ मिनिटांनी जागा बदला. हा नियम नसला तर हुशार पोरगा वर्षभर कळफलक सोडत नाही.

फोनने फोटो काढला की ॲप पायऱ्यांसकट उत्तर देतं. ही चोरी आहे का?
— विद्यार्थी, चिकोडी

आधी वापरलंस तर तुझंच नुकसान, नंतर वापरलंस तर तपासणी. एक उदाहरण करून बघ. प्लॉटची लांबी रुंदीपेक्षा ५ मीटरने जास्त, क्षेत्रफळ ३०० चौरस मीटर. समीकरण मांडलंस की ॲप १५ आणि उणे २० अशी दोन्ही उत्तरं देईल. त्यातलं कुठलं टाकायचं आणि का, ते तुला लिहायचं आहे. शिवाय ३०० चौरस मीटर म्हणजे सुमारे तीन गुंठे. गावातला तेवढा प्लॉट आठवून १५ गुणिले २० पटतं का ते बघ.

संगणकावरचे शब्द इंग्रजी, सरकारी प्रशिक्षण कन्नडमध्ये, वर्ग मराठी. मुलं गोंधळतात.
— शिक्षक, बेळगाव तालुका

मेन्यू इंग्रजीच ठेवा, पुढे पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, तोच भेटणार आहे. भिंतीवर तीन रकान्यांचा तक्ता लावा. मुद्दल, कन्नडमध्ये असलु. व्याज, बड्डी. हप्ता, कंतु. तिसऱ्या रकान्यात पडद्यावरचा इंग्रजी शब्द. सरासरी आणि समीकरण हे शब्द दोन्ही भाषांत तेच आहेत, त्यांच्यापासूनच सुरुवात करा.