स्प्लेंडरची कामं घरी करायची आहेत, ४६ पिसेसचा टूल किट घ्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: गाडी पाच वर्षांची स्प्लेंडर, फ्री सर्व्हिस आणि वॉरंटी संपलेली. ऑइल बदलणं, प्लग, चेन आणि ब्रेक एवढी कामं घरी करायची आहेत. बजेट दोन हजार, आणि ऑनलाइन सगळीकडे दिसणारा तो ४६ पिसेसचा सॉकेट किट घ्यावा की नाही?

नका घेऊ. तो किट वाईट म्हणून नाही, तुमच्या कामाचा नाही म्हणून. त्या डब्यातले सॉकेट ४ मिमीपासून सुरू होतात आणि १४ वर संपतात. तुमच्या गाडीच्या ऑइलचा ड्रेन नट आहे १७ चा. प्लगला १६ चा पाना लागतो. मागच्या चाकाच्या ॲक्सलचा नट त्याहूनही मोठा. म्हणजे ज्या कामांसाठी तुम्ही डबा घेणार, त्यातल्या मुख्य तीन कामांना त्यातलं एकही सॉकेट बसणार नाही. शिवाय त्याचा रॅचेट पाव इंची चौकाचा. साइड पॅनल, व्हायझर, आरसे यांच्यासाठी ठीक आहे, पण वर्षभर न उघडलेला नट सोडवण्याचा दम त्यात नसतो. दात घसरतात आणि हात इंजिनवर आपटतो.

माझं ठाम मत आहे की हत्यारं संख्येवर घ्यायची नसतात, आपल्या गाडीच्या नटांवर घ्यायची असतात. एका रविवारी गाडी मेन स्टँडवर लावा, वही घ्या आणि चारही कामांत जे जे नट-बोल्ट येतात त्यांची डोकी मोजा. व्हर्नियर (मिलिमीटरमध्ये जाडी मोजायची पट्टी) नसला तर शेजारच्या मेकॅनिककडून पाने लावून बघा. स्प्लेंडरचं इंजिन मुळात होंडाच्या घराण्यातलं, हीरो होंडाच्या काळापासून चालत आलेलं, त्यामुळे यादीत ८, १०, १२, १४, १७ हेच आकडे पुन्हा पुन्हा येतील. केटीएमसारख्या युरोपीय वळणाच्या गाडीला १३ लागतो, जुन्या लोखंडी इंजिनच्या बुलेटला तर इंची पाने लागतात. म्हणून दुसऱ्याची यादी बघून खरेदी करण्यात अर्थ नाही.

तुमच्यासाठी मी सुटे रिंग पाने सांगेन: ८-९, १०-११, १२-१३, १४-१५, १६-१७ आणि १८-१९. दुकानात ‘दहा-अकराचा रिंग द्या’ असं म्हटलं की कळतं. टी पाने, म्हणजे इंग्रजी टी अक्षरासारख्या मुठीचे, तीन घ्या: ८, १० आणि १२. खोलगट जागेतला बोल्ट टी पान्याने जितका भराभर निघतो तितका कशानेच नाही, आणि गॅरेजमधल्या पोरांच्या हातात दिवसभर तोच असतो. दोन बाजूंचा फिक्स पाना फक्त १०-११ आणि १२-१३ पुरे. एक चांगली पक्कड, एक चपटा आणि एक फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, हवेचा मीटर. प्लगचा पाना वेगळा घेऊ नका, साइड कव्हरच्या आत कंपनीने दिलेल्या पिशवीत तो असतो आणि तेवढ्या कामाला चांगला असतो. जबडा कमी-जास्त करता येणारा ॲडजस्टेबल पाना नळासाठी ठेवा, गाडीला लावू नका. जबडा किंचित ढिला राहतोच, आणि नटाचे कोपरे गोल होतात.

रिंग आणि फिक्स यांतला फरक नवीन माणसाला कुणी सांगत नाही, म्हणून इथे थोडं थांबतो. फिक्स पाना नटाच्या फक्त दोन बाजू धरतो. जोर वाढला की जबडा सूक्ष्म उघडतो आणि नट घसरतो. रिंग नटाला चहूबाजूंनी धरते. त्यामुळे नट फोडायचा, म्हणजे पहिल्यांदा सैल करायचा, तो कायम रिंगने किंवा सॉकेटने. एकदा सैल झाला की भराभर फिरवायला फिक्स, किंवा पलीकडचा नट नुसता धरून ठेवायला फिक्स. पुढे कधी सॉकेट घ्याल तेव्हा आत सहा कोन असलेले घ्या, बारा कोनांचे नको. सहा कोनी सॉकेटचा दाब नटाच्या सपाट बाजूवर येतो, बारा कोनीचा कोपऱ्याजवळ. गंजलेल्या, थोड्या झिजलेल्या नटावर हा फरक लगेच कळतो.

आणखी एक सवय लावून घ्या. पाना आपल्याकडे ओढायचा, ढकलायचा नाही. ओढताना सटकला तर हात मोकळ्या हवेत येतो, ढकलताना सटकला तर बोटांची सालं इंजिनच्या फिन्सवर, म्हणजे बाहेरच्या धारदार पट्ट्यांवर, निघतात. काही ठिकाणी ढकलावंच लागतं, तेव्हा मूठ न आवळता तळहाताने ढकला.

आता ऑइलचा नट. घरी काम करणाऱ्यांचं सगळ्यात मोठं नुकसान याच नटावर होतं. इंजिन दोन-तीन मिनिटं चालू ठेवून बंद करा. ऑइल कोमट होऊन पातळ झालं पाहिजे, हात भाजेल इतकं तापवू नका. गाडी मेन स्टँडवर, खाली जुनं घमेलं. इंजिनच्या खालचा भाग चिंधीने पुसून घ्या, कारण नटाच्या खोबणीत चिखल असेल तर पाना पूर्ण बसत नाही. १७ ची रिंग नटावर शेवटपर्यंत बसवा. नट खालून दिसतो, त्यामुळे दिशेचा गोंधळ होतो. नटाच्या समोर तोंड करून बघितल्यावर घड्याळाच्या उलट म्हणजे सैल, हे खाली वाकून एकदा मनात पक्कं करा आणि मगच ओढा. सैल झाला की बाकीचा हाताने काढा. शेवटच्या आट्यावर नट वर दाबून धरून एकदम बाजूला घ्या, म्हणजे ऑइल मनगटावरून ओघळत नाही. वॉशर नटाला चिकटलाय की इंजिनलाच राहिलाय ते बघा. तो चेपला असेल तर बदला, किंमत अगदीच किरकोळ असते.

परत लावताना सुरुवातीला पाना हातात घेऊच नका. नट बोटांनी लावा. तीन-चार आटे बोटांनीच सरळ गेले पाहिजेत. अडकल्यासारखा वाटला तर तो तिरका जातोय, उलटा फिरवून काढा आणि पुन्हा लावा. इंजिनची केसिंग ॲल्युमिनियमची, नट लोखंडाचा. तिरका नट पान्याने रेटला तर नटाला काही होत नाही, केसिंगचे आटे मरतात. मग मोठे आटे पाडून बुश बसवायचं किंवा केसिंग बदलायची, आणि त्या खर्चात तुमची सगळी हत्यारं दोनदा येतील.

किती घट्ट करायचं, याला आकडा आहे आणि तो न्यूटन मीटरमध्ये सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. अंदाज यावा म्हणून सांगतो. १० चं डोकं असलेल्या ६ मिमीच्या साध्या बोल्टला साधारण १० न्यूटन मीटर लागतात, म्हणजे १५ सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला जेमतेम ७ किलोचा जोर. आपण सवयीने याच्या दुप्पट-तिप्पट लावतो. म्हणून लहान पाना मुठीत धरून मनगटाच्या जोरावर आवळा, खांदा वापरू नका. ॲक्सलसाठी मात्र खरोखर जोर लागतो, तिथे लांब पाना घ्या. टॉर्क रेंच, म्हणजे किती जोर लागतोय ते मोजणारा पाना, घेतलात तर उत्तमच, पण तुमच्या दोन हजारांत तो बाकी हत्यारांबरोबर बसणार नाही, आणि ढोबळ स्वस्त टॉर्क रेंचवर विश्वास ठेवण्यापेक्षा सावध हात बरा. पुढच्या वर्षी चांगला घ्या.

ऑइल १०डब्ल्यू३० ग्रेडचं, डब्यावर जासो एमए (JASO MA, ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचच्या बाइकसाठीची खूण) लिहिलेलं घ्या. या गाडीचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो, म्हणून कारचं ऑइल चालत नाही. एक लिटरचा डबा पुरतो, पण अख्खा एका दमात ओतू नका. थोडं कमी ओता, इंजिन मिनिटभर चालवा, बंद करून थांबा आणि डिपस्टिक बघून बाकीचं घाला. या इंजिनमध्ये जाळीचा स्ट्रेनर आणि गरगर फिरून गाळ बाजूला टाकणारा फिल्टर असतो. त्यांच्यासाठी क्लचकडचं कव्हर उघडावं लागतं. ते काम गॅरेजवरच ठेवा.

प्लगचं काम सोपं आहे, दोन गोष्टी मात्र सांभाळा. इंजिन पूर्ण थंड हवं. आणि प्लग काढण्याआधी त्याच्या भोवतीची खळगी फुंकून, ब्रशने साफ करा, नाहीतर तिथली रेती थेट सिलिंडरमध्ये जाते. लावताना बोटांनी बसेपर्यंत फिरवा. नवा प्लग असेल तर त्यानंतर पान्याने साधारण अर्धा वळसा, कारण त्याचा वॉशर चेपायचा असतो. जुनाच परत लावत असाल तर वळशाचा आठवा भाग पुरे. तुमची गाडी बीएस६ म्हणजे फ्युएल इंजेक्शनची आहे, त्यामुळे कार्बोरेटर ट्यूनिंगचे जे व्हिडिओ दिसतात ते तुमच्यासाठी नाहीत.

फुलीच्या स्क्रूविषयी थोडं. हेडलाइटची रिम, इंडिकेटर, हँडलचे स्विच इथे जे स्क्रू असतात ते जपानी पद्धतीच्या गाड्यांत बरेचदा जेआयएस (JIS), म्हणजे जपानी मानकाच्या मापाचे असतात. काहींच्या डोक्यावर बारीक ठिपका दिसतो. आपल्याकडचा नेहमीचा फिलिप्स ड्रायव्हर त्यात बसल्यासारखा वाटतो, पण त्याचं टोक तळाला आधी टेकतं आणि कडा खाचेत पूर्ण बसत नाहीत. जोर लावला की तो वर उचलला जातो आणि स्क्रूची फुली खरवडून निघते. जेआयएस टोकाचा २ नंबरचा एक ड्रायव्हर मागवून ठेवा. या यादीत थोडे जास्त पैसे घालायचे असतील तर इथे घाला. दाबायचा जोर जास्त, फिरवायचा कमी. स्क्रू हटत नसेल तर गंज सोडवणारा स्प्रे मारा, ड्रायव्हर खाचेत ठेवून त्याच्या मुठीवर हातोडीने एक-दोन हलके ठोके द्या, दहा मिनिटं थांबा आणि मग फिरवा.

चेन. तुमच्या गाडीला पूर्ण चेन कव्हर असेल तर खालच्या बाजूला रबरी बूच असतं, ते काढून बोटाने चेन वर-खाली हलवून बघता येते. चाक हाताने फिरवत चार-पाच ठिकाणी बघा. जिथे सगळ्यात ताठ लागेल तिथे ढील मोजायची, साधारण अडीच-तीन सेंटिमीटर. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात आहे. ताणायची असेल तर ॲक्सलचा नट आणि चेनच्या बाजूचा आतला स्लीव्ह नट सैल करा, मग दोन्हीकडचे ॲडजस्टर सारखे फिरवा. स्विंग आर्मवरच्या, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांवरच्या, खुणा दोन्ही बाजूंना एकच दाखवत असल्या पाहिजेत, नाहीतर चाक तिरकं चालतं. शेवटी मागचा ब्रेक पुन्हा तपासा, कारण चाक मागे सरकलं की ब्रेकची दांडी ताणली जाते. पेडलला दोन-तीन सेंटिमीटर मोकळी चाल हवी. तिथला नट हातानेही फिरतो.

चेनला ९० नंबरचं गिअर ऑइल लावा, उरलेलं फडक्याने पुसून टाका. गंज सोडवणारा स्प्रे हे वंगण नाही. आणि कळकळीने सांगतो, चेन पुसताना इंजिन बंदच पाहिजे, गाडी न्यूट्रलमध्ये, चाक हाताने फिरवायचं. गिअरमध्ये चालू ठेवून फडकं धरणारे खूप जण आहेत. फडकं चेनबरोबर स्प्रॉकेटमध्ये, म्हणजे चेनच्या दातेरी चक्रात, ओढलं जातं आणि त्याबरोबर बोट जातं. एवढं काम वाचवण्यासाठी बोट घालवू नका.

कुठे घ्यायची: मुंबईत नागदेवी स्ट्रीट, पुण्यात बोहरी आळी, नाहीतर तालुक्याच्या ठिकाणचं जुनं हार्डवेअर दुकान. टपारियाचे पाने घरच्या वापराला भरपूर आहेत, आणि कारखाना आपल्या नाशिकचाच. ब्रँड कुठलाही असो, क्रोम व्हॅनेडियम (पान्यांसाठीचं मजबूत पोलाद) लिहिलंय का बघा, रिंगच्या आतल्या कडा बोटाने चाचपा, आणि शक्य असेल तर आपला एखादा सुटा नट खिशात नेऊन पाना त्यावर लावून बघा. डुगडुगला तर दुसरा मागा. हे ऑनलाइन जमत नाही, म्हणून दुकानातून घ्या म्हणतो.

काढलेलं ऑइल गटारात किंवा झाडांच्या बुंध्याशी ओतू नका. सरकारी नियमांतही ते घातक कचऱ्यात मोडतं. नव्या ऑइलच्या रिकाम्या डब्यातच भरा आणि गॅरेजवाल्याला द्या, ते साठवून पुढे देतात.

ॲक्सलच्या नटाचा आकडा मी मुद्दाम लिहिला नाही, कारण स्प्लेंडरच्या वेगवेगळ्या मॉडेलांत तो आणि स्लीव्ह नट एकसारखे असतीलच असं नाही. तुमचे दोन्ही मोजून कळवा, म्हणजे १८-१९ पुरेल की त्याच्या वरचा एक पाना घ्यावा लागेल ते सांगता येईल.