साठी उलटलेल्या आई-वडिलांना झुरिकची स्ट्रीट परेड, म्हणजे टेक्नो संगीताची रस्त्यावरची मिरवणूक, दाखवली तर बरं दिसेल का? ते ऑगस्टमध्ये आमच्याकडे येत आहेत.

न्या की! प्रश्नात ‘बरं दिसेल का’ वाचलं म्हणूनच लिहायला बसले. या प्रश्नावरून आमच्या घरात भांडण होऊन गेलंय.

आई माझ्याकडे आली तेव्हा सत्तरीला टेकली होती. गुडघे दुखरे, सगळा जन्म नारायण पेठेत गेलेला. परेडच्या दिवशी मी तिला गुपचूप चर्चच्या बाजूची जुनी गल्ली दाखवून घरी आणणार होते. पण ट्रॅममध्ये पाठीला पिसांचे पंख लावलेली, चंदेरी चड्डीतली पोरं चढली आणि आईने विचारलं, ‘हे कुठे निघालेत? आपण पण जाऊ की.’ झालं.

परेड उटोक्वाईवरून निघते. मग बेलव्ह्यू, क्वाईब्रुके पूल, ब्युर्क्लीप्लाट्झ असं करत सरोवराच्या काठाकाठाने एंगेपर्यंत जाते. अंतर दोनेक किलोमीटरच आहे, पण संगीत वाजवणारे ट्रक मुंगीच्या पावलाने सरकतात. बेलव्ह्यूला माणसं अक्षरशः कोंबलेली असतात, तिथे वयस्कर माणसांना नेऊच नका. आम्ही एंगेच्या बाजूला आर्बोरेटुम बागेत झाडाखाली बसलो. तिथे ट्रक उशिरा पोचतात, पण सावली आणि हिरवळ मिळते. घडीचं स्टूल मात्र हवंच.

पहिला ट्रक आला तेव्हा छाती हादरली. स्वयंसेवक कानात घालायचे फोमचे बोळे वाटत होते. इकडे नियमच आहे, आवाज 93 डेसिबलच्या वर जाणार असेल तर श्रोत्यांना बोळे फुकट द्यायचे. आणि तासाची सरासरी 100 च्या वर नेता येत नाही. आईने बोळे घातले, जरा वेळाने हात वर करून टाळ्या धरल्या. पंखवाला एक उघडाबंब गडी समोर नाचत होता, त्याच्याकडे बघून म्हणाली, ‘संध्याकाळी याला गारठा बाधेल.’ कुणीतरी पिचकारीने पाणी उडवलं तर हसत सुटली. मग बोळ्यांकडे बोट दाखवून म्हणाली, ‘हे आपल्या मंडळाने कधी वाटले का रे बाबा?’

मी तो व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर टाकला. दादाचा मेसेज लगेच आला: आईला त्या नागड्यांत घेऊन गेलीस? मावशीने हात जोडलेले पाठवले, वहिनी गप्प.

दादा आमच्या गल्लीतल्या मंडळाचा जुना कार्यकर्ता. विसर्जनाला डॉल्बीच्या भिंतीपुढे पहाटेपर्यंत नाचणारा. बाबांची अँजिओप्लास्टी झालेली असताना त्याच भिंतीने आमच्या खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या आणि बाबा मागच्या खोलीत कानात कापूस घालून पडले होते. आवाज कमी करा म्हणून सांगायला मी खाली गेले, तर उत्तर मिळालं, ‘ताई, वर्षातून एकदाच असतं.’ दादा तिथेच उभा होता. त्यामुळे तो लाजेबद्दल बोलायला लागला की माझं डोकं फिरतं. कमी कपड्यांनी कुणाच्या हृदयाची धडधड वाढल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

तो म्हणतो ही थेरं आहेत, आपल्याकडे श्रद्धा असते. थेरं म्हण हवं तर. 1992 साली मारेक क्रिन्स्की नावाच्या विद्यार्थ्याने बर्लिनच्या लव्ह परेड नावाच्या अशाच मिरवणुकीवरून हे सुरू केलं. परवानगी मागितली ती प्रेम, शांती, स्वातंत्र्य, सहिष्णुता यांसाठीचा मोर्चा म्हणून, आणि पहिल्या वर्षी हजारेक माणसं जमली. 1994 मध्ये शहराने परवानगी नाकारली, त्यावर इतका आरडाओरडा झाला की निर्णय फिरवावा लागला. आता लाखोंनी लोक येतात. तिकीट नाही, पास नाही. मध्यरात्री स्टेजवरचं संगीत थांबतं आणि रविवारी सकाळी रस्ते धुतलेले असतात. लक्ष्मी रोडचं मला आठवतंय ते वेगळंच. दादाला एकदाच विचारलं होतं, श्रद्धेला एवढा बेस कशाला लागतो? त्या दिवाळीत त्याचा फोन आला नाही.

त्याचा एक मुद्दा मात्र मी मान्य करते, चेंगराचेंगरीचा. 2010 मध्ये लव्ह परेड जर्मनीतल्या डुइसबुर्गला होती, तिथे 21 माणसं गेली आणि ती परेड कायमची बंद झाली. पण ती जागा कुंपणाने बंदिस्त होती, येण्याजाण्याचा रस्ता बोगद्यातून. झुरिकला एका अंगाला सरोवर आणि दुसऱ्या अंगाला मोकळ्या गल्ल्या आहेत. तरीही पुलावर थांबू नका.

आता तुमच्या कामाचं. बहुतेक वर्षी ऑगस्टचा दुसरा शनिवार असतो, दुपारी एकच्या सुमाराला सुरुवात होते. तुम्ही तीनला या, सहाला निघा. त्यानंतर दारू चढलेली असते, नशेच्या गोळ्याही चालतात, ते लपवण्यात अर्थ नाही. सँडल नको, बूट घाला, काचा पडलेल्या असतात. पाणी विकत घेऊ नका, शहरभर कारंजी आहेत, बहुतेकांचं पाणी पिण्याजोगं असतं. मध्यभागातल्या ट्रॅम त्या दिवशी बंद किंवा वळवलेल्या असतात, म्हणून एंगे स्टेशनवरूनच ट्रेन धरा. वडिलांना पेसमेकर किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, हे मी खरं तर वरच लिहायला हवं होतं. आणि स्वच्छतागृहासमोर रांगा भयंकर असतात, त्यामुळे घरून निघतानाच दोघांना जाऊन यायला सांगा.