सकाळच्या चहातली पूड

वाचक भगिनीचे पत्र, थोडे संक्षिप्त करून:

"ताई, माझ्या यजमानांनी अठरा वर्षे दारू प्यायली. पाच महिन्यांपूर्वी ते व्यसनमुक्ती केंद्रात राहून आले आणि तेव्हापासून दारूला शिवलेले नाहीत, हे देवाचे उपकार. पण आता चहाचे वेड लागले आहे. घरीच दिवसाला बारा-तेरा कप होतात, दुकानावर असले की टपरीवरचा वेगळा. रात्री दोन वाजता उठून चहा ठेवतात. छातीत धडधडते म्हणतात, हात थरथरतात, झोप नाही, चिडचिड वाढली आहे. तोंडाला कसलीतरी चव येते म्हणून आले ठेचून घातलेला चहाच लागतो. सासूबाई म्हणतात, दारूपेक्षा चहा बरा, पिऊ दे. माझा भाऊ म्हणतो, एक व्यसन जाऊन दुसरे आले, यातून ते परत दारूकडेच जाणार. (दारू सुटावी म्हणून दिलेली डायसल्फिरामची गोळी चालू आहे. महिनाभराने ते ती घ्यायला नको म्हणू लागले, म्हणून मी कुटून सकाळच्या पहिल्या चहात घालते, त्यामुळे त्या बाजूची काळजी नाही.) चहापावडर कुलपात ठेवू का? त्यांचा चहा कसा सोडवू?
एक पत्नी, सातारा जिल्हा"

ताई,

तुमचे सगळे पत्र चहाबद्दल आहे, पण कंसातल्या त्या दोन वाक्यांपाशी मी थांबले आणि तिथून पुढे जाणे मला शक्य नाही. काळजी नाही असे तुम्ही ज्या बाजूबद्दल लिहिले आहे, तिथेच तुमच्या घरातला सर्वांत मोठा धोका आहे. उद्या सकाळी त्या चहात पूड घालू नका, आणि उद्याच्या उद्या तुमच्या यजमानांना सांगा की गेले चार महिने तुम्ही ती घालत होता. मला तुम्हाला एवढेच सांगायचे आहे. पुढचे सगळे हे का करायचे आणि कसे करायचे याबद्दल आहे.

ही गोळी शरीरात काय करते, हे तुम्हाला कोणी नीट समजावून सांगितलेले दिसत नाही. दारू पोटात गेल्यावर यकृतात तिचे आधी अॅसिटाल्डिहाइड नावाचे विषारी द्रव्य बनते आणि मग दुसरे एक विकर (एन्झाइम) त्याचे निरुपद्रवी पदार्थात रूपांतर करते. डायसल्फिराम त्या दुसऱ्या विकराचे काम बंद पाडते. त्यामुळे ही गोळी घेतलेल्या माणसाने दारू घेतली, तर काही मिनिटांतच चेहरा लालबुंद होतो, डोके ठणकते, उलट्या होतात, छाती धडधडते, श्वास अपुरा पडतो आणि रक्तदाब घसरतो. दारूचे प्रमाण जास्त असेल किंवा हृदय आधीच कमकुवत असेल तर यात माणूस दगावूही शकतो. शेवटची गोळी घेतल्यानंतर 14 दिवसांपर्यंत हे घडू शकते. म्हणूनच रुग्णाला पूर्ण कल्पना दिल्याशिवाय हे औषध कधीही देऊ नये, अशी ठळक ताकीद औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकात दिलेली असते. तुमच्या यजमानांना वाटते की आपण ही गोळी चार महिन्यांपूर्वी सोडली. एखाद्या लग्नात, एखाद्या वाईट संध्याकाळी त्यांचा पाय घसरला, तर ते आपल्या समजुतीप्रमाणे फक्त दारू पितील, आणि त्यांना दवाखान्यात नेणाऱ्या मित्रालाही डॉक्टरांना काय सांगायचे ते माहीत नसेल.

धोका फक्त दारूच्या बाटलीत असतो असेही नाही. खोकल्याच्या काही औषधांत अल्कोहोल असते. आपल्याकडे भूक लागावी, अशक्तपणा जावा म्हणून सहज घेतल्या जाणाऱ्या आसव-अरिष्टांत तर ते आंबवण्याच्या क्रियेतच तयार होते. पोट बिघडल्यावर सर्रास लिहून दिले जाणारे मेट्रोनिडाझोल या गोळीबरोबर घेतले गेले तर माणसाला भ्रम होऊ शकतो. शिवाय क्वचित या गोळीने यकृताला गंभीर इजा होते, म्हणून ती घेणाऱ्याच्या रक्ताची तपासणी अधूनमधून करावी लागते. ज्या डॉक्टरांना वाटते की गोळी बंद आहे, ते ही तपासणी कशासाठी करतील? अठरा वर्षे दारू सोसलेल्या यकृताला असे देखरेखीविना सोडून चालणार नाही. डोळे पिवळे दिसत असतील, लघवीचा रंग गडद झाला असेल किंवा अन्नावरची वासनाच गेली असेल, तर ते डॉक्टरांना सर्वांत आधी सांगा.

आता तुमच्या चहाच्या प्रश्नाकडे येते, कारण तो या पुडीपासून वेगळा नाही. चहातल्या कॅफिनचा निचरा यकृतातूनच होतो आणि डायसल्फिराम तो निचरा मंदावते. दारू सोडलेल्या माणसांवरच हे तपासले गेले आहे आणि 1980च्या दशकापासून डॉक्टरांना ते ठाऊक आहे. एरवी निरोगी माणसाच्या शरीरातले अर्धे कॅफिन बाहेर पडायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे संध्याकाळी सहाला घेतलेल्या चहाचा निम्मा अंमल रात्री अकरालाही शिल्लक असतो. तुमच्या यजमानांच्या बाबतीत हा काळ आणखी लांबत असणार. आपल्या घरगुती कपात सुमारे 30 ते 50 मिलिग्रॅम कॅफिन असते आणि निरोगी प्रौढाने दिवसाला 400 मिलिग्रॅमच्या आत राहावे असे युरोपातली आणि अमेरिकेतली अन्नसुरक्षा खाती सांगतात. तुमच्या घरचे बारा-तेरा कप आणि वरचा टपरीचा चहा मिळून ही मर्यादा एरवीही ओलांडली जाईल. त्यात निचरा मंदावल्यावर ती धडधड, ती थरथर आणि ती चिडचिड यांचे नवल वाटायला नको. दुसरीकडे, या गोळीने सुरुवातीला अनेकांना गळून गेल्यासारखे वाटते, दिवसा झोप येते आणि तोंडाला धातूसारखी किंवा लसणीसारखी चव येते. म्हणजे ज्या सुस्तीसाठी ते चहा घेत असतील आणि ज्या चवीवर उतारा म्हणून आले मागतात, त्या दोन्हींमागे तुम्ही सकाळी घातलेली पूड असणे शक्य आहे. हे निदान मी इथे बसून करू शकत नाही. पण तुमचे डॉक्टरही ते करू शकत नाहीत, कारण त्यांच्यापासून मुख्य गोष्टच दडवलेली आहे.

तुम्ही हे दुष्टपणाने केले असे मला क्षणभरही वाटत नाही. अठरा वर्षे रात्री दाराकडे कान लावून बसलेल्या बाईला पाच महिन्यांच्या शांततेवर विश्वास ठेवता येत नाही, हे मी समजू शकते. तरीही तुमची बाजू मी घेणार नाही. त्यांनी गोळी नाकारली तेव्हा तुम्हाला भीती वाटली, ती भीती त्यांना किंवा डॉक्टरांना सांगता आली असती. त्याऐवजी त्यांच्या शरीरात काय जावे याचा निर्णय तुम्ही परस्पर घेतला, आणि तोही त्यांच्या दिवसातल्या पहिल्या पेयातून, तुमच्या हातून येते म्हणून ते निर्धास्तपणे घेत असलेल्या चहातून. सासूबाई आणि तुमचा भाऊ यांच्या मतभेदात तुम्ही स्वतःला मध्ये अडकलेली, निरुपाय झालेली बाई म्हणून मांडले आहे. या पत्रातली तुमची जागा ती नाही.

यातली सर्वांत खेदाची गोष्ट अशी की, लपवून दिलेल्या या गोळीचा औषध म्हणून काहीच उपयोग होत नाही. डायसल्फिरामने दारूची ओढ कमी होत नाही. 1940च्या दशकात कोपनहेगनमधल्या हाल्ड आणि याकोब्सन या दोन डॅनिश संशोधकांनी जंतांवरचे औषध म्हणून तपासण्यासाठी ते स्वतः घेतले, त्यानंतर दारू घेतल्यावर त्यांना जो त्रास झाला त्यातून दारूवरचा हा उपचार पुढे आला. तेव्हापासून हे औषध चालते ते माणसाला माहीत असते म्हणूनच. सकाळी स्वतःच्या हाताने गोळी घेणारा माणूस दिवसभराचा निर्णय एकदाच करून टाकतो आणि संध्याकाळी बारवरून जाताना त्याला स्वतःशी पुन्हा वाद घालावा लागत नाही. नकळत दिलेली गोळी हा निर्णय त्याच्याकडून काढून घेते, त्या बदल्यात त्याला कसलाच आधार देत नाही आणि पाय घसरलाच तर जिवावर बेतण्याची व्यवस्था तेवढी करून ठेवते.

आणि याच गोष्टीची दुसरी बाजू तुमच्या नजरेतून सुटली आहे. गेले चार महिने आपल्याला कुठल्याही गोळीचा धाक आहे हे तुमच्या यजमानांना ठाऊक नव्हते. पिण्यापासून त्यांना अडवणारे त्यांच्या समजुतीप्रमाणे काहीच नव्हते, तरी ते प्यायले नाहीत. रात्री दोन वाजता जाग आली तेव्हा त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन चहाचे आधण ठेवले. दारू सुटल्यावर झोपेची घडी कित्येक महिने विस्कटलेली राहते आणि न झोपलेला, थकलेला माणूस पुन्हा प्यायला लागण्याची भीती अधिक असते, हे लक्षात घेतले तर त्या वेळी उठून चहा करणारा माणूस काय निभावून नेत होता ते तुम्हाला कळेल. ही सोब्रायटी, म्हणजे दारूपासून दूर राहणे, त्यांची स्वतःची आहे. सांगायला बसाल तेव्हा हेही सांगा, आणि मनापासून सांगा.

कसे सांगायचे, तेही लिहिते. सकाळी केंद्रातल्या डॉक्टरांना फोन करा, काहीही न लपवता सगळे सांगा आणि त्याच दिवशी भेटीची वेळ मागा. यजमानांना घेऊन जा आणि डॉक्टरांच्या समोर तुम्ही स्वतः बोला. डॉक्टरांना तुमच्या वतीने बोलायला लावू नका. भेट मिळाली नाही तर डॉक्टरांशी फोनवर बोलून घ्या आणि घरीच सांगा, पण दिवस पुढे ढकलू नका. केंद्राशी संपर्क झालाच नाही, तर 14446 या राष्ट्रीय व्यसनमुक्ती मदतवाहिनीवर बोला. गोळी गुपचूप बंद करून विषय मिटवून टाकावा असा विचार तुमच्या मनात येईल. तो मोह टाळा, कारण औषधाचा अंमल दोन आठवडे राहतो आणि तेवढे दिवस त्यांना ते ठाऊक असणे अत्यावश्यक आहे. ते संतापतील. संतापाच्या भरात घराबाहेर पडून पितील अशी भीती वाटत असेल, तर तेच सांगण्याचे सर्वांत मोठे कारण समजा आणि पहिल्याच वाक्यात सांगा की या पंधरवड्यात दारूचा एक घोटही जिवावर बेतू शकतो. रागाला उत्तर देऊ नका, अठरा वर्षांचा हिशेब काढू नका आणि सासूबाईंना किंवा भावाला या बोलण्यात बसवू नका.

तुमच्या भीतीचे काय, हा प्रश्न उरतोच, आणि तो मला लहान वाटत नाही. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनी माणसांच्या पत्नींसाठी सहचरी हा गट चालतो आणि अल्-अनॉनच्या बैठका तर खास घरच्या माणसांसाठीच असतात. तुमच्या केंद्राला विचारा, जवळपास अशी बैठक कुठे भरते आणि तिथे जा. बारा-तेरा कप मोजण्यात तुमचा जो दिवस जातो, त्यातले दोन तास तिथे घालवा.

चहापावडर कुलपात ठेवू नका. त्या घरात आता आणखी काहीही लपवले जाता कामा नये. भावाला सांगा की चहा म्हणजे स्लिप, म्हणजे पुन्हा दारूकडे वळणे, नव्हे. दारू सोडणाऱ्यांच्या बैठकांतही चहाचा कप हाती देऊनच नव्या माणसाचे स्वागत होते. सासूबाईंना सांगा की एवढा चहा चांगलाही नव्हे, कारण कपाला दोन चमचे साखर धरली तरी दिवसाला शंभर ग्रॅमच्या आसपास साखर पोटात जाते आणि चहावर भूक मारली गेली की दारूने आधीच पोखरलेल्या शरीराला अन्न मिळत नाही. छातीतल्या धडधडीसाठी त्याच भेटीत ईसीजी काढून घ्या. चहा किती कमी करायचा हे त्यांना स्वतःला ठरवू द्या. विचारलेच तर सांगा की एकदम तोडू नये, कारण दुसऱ्याच दिवशी डोके असे दुखते की माणूस कशाकडेही वळेल. दर दोन-तीन दिवसांनी एक कप कमी करावा, सुरुवात रात्रीच्या कपांपासून करावी, आणि दुपारी तीन-चारनंतर शक्यतो चहा नसावा. चहाऐवजी कॉफी धरली तर कॅफिन वाढेल, आणि दुकानात मिळणारी एनर्जी ड्रिंक्स या काळात घरात आणूच नका.

सगळे ऐकून घेतल्यावर ते पुन्हा म्हणतील की ती गोळी मला नको. तेव्हा ते मान्य करा. दारूची ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट ही वेगळी औषधे आहेत, त्यांवर दारू घेतली गेली तरी डायसल्फिरामसारखा जीवघेणा त्रास होत नाही. यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या पाहून त्यांपैकी एखादे चालेल का, हे त्यांनाच डॉक्टरांना विचारू द्या, आणि तुम्ही शेजारी बसून ऐका.

तुमची ताई