टायर वीस मिलिमीटरने रुंद, मुदत सहा आठवड्यांची

लांबच्या प्रवासासाठी घेतलेल्या मोटारसायकलला १३०/७०-१७ ऐवजी १५०/६०-१७ मापाचा (पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, तिसरा रिमचा व्यास इंचांत) मागचा टायर बसवला, पुढे पावसात समोरचे वाहन अचानक थांबल्याने त्यावर आदळून गाडीचे नुकसान झाले आणि विमा कंपनीने ‘वाहनात अनधिकृत बदल’ असे कारण देऊन दावा नाकारला, अशा आशयाची पत्रे माझ्याकडे सातत्याने येतात. तुमचे पत्र त्यांतलेच आहे. फक्त त्यात तुम्ही ओघात लिहून गेलेले एक वाक्य असे आहे की मी तिथेच थांबलो. नकाराचे पत्र मिळून साडेबावीस महिने झाले आहेत आणि ‘ई-मेलवर पाठपुरावा सुरू आहे’. टायरचे माप कसे योग्य होते यावर तुम्ही तीन पाने खर्ची घातली आहेत. परंतु ती तीन पाने ग्राहक आयोगासमोर वाचली जातील की नाही, हे या एका वाक्यावर ठरणार आहे.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम ६९ नुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल व्हावी लागते, आणि विम्याच्या प्रकरणात ते कारण सर्वसाधारणपणे नकाराच्या पत्राने घडते. त्यानंतर तुम्ही पाठवलेली स्मरणपत्रे, त्यांवर आलेली ‘आपले म्हणणे संबंधित विभागाकडे पाठवले आहे’ अशा छापाची उत्तरे आणि दूरध्वनीवरील आश्वासने यांनी मुदत एका दिवसानेही वाढत नाही. कंपनीचा वकील हा मुद्दा उपस्थित करायला विसरेल, या आशेवरही राहू नका. समोरच्याने आक्षेप घेतला नाही तरी मुदतीचा प्रश्न आयोगाने स्वतःहून तपासला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्येच, जुन्या कायद्यातील याच स्वरूपाच्या तरतुदीवर, स्पष्ट केले आहे. पुरेसे कारण दाखवल्यास विलंब माफ करण्याची सोय त्याच कलमात आहे हे खरे, पण ‘कंपनी फेरविचार करील असे वाटले’ हे कारण पुरेसे ठरेल, असा भरवसा मी तुम्हाला देऊ शकत नाही. विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी न्यायालयाबाहेर सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, विनाशुल्क जाता आले असते; त्यासाठी नकारापासून एक वर्षाची मुदत होती, ती तुम्ही ई-मेल लिहिण्यातच घालवली.

तेव्हा उरलेल्या सहा आठवड्यांपैकी पहिल्या दोन आठवड्यांतच जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करा. नव्या कायद्याप्रमाणे ती तुमच्या राहत्या जिल्ह्यात करता येते आणि ऑनलाइनही दाखल होते. कागदपत्रांत त्रुटी निघाली तर दुरुस्तीला वेळ उरावा, म्हणून शेवटचा आठवडा गृहीत धरू नका.

आता टायरकडे वळतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल करण्यास मनाई करते, आणि जानेवारी २०१९ मध्ये केरळमधून आलेल्या एका अपिलात सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा कडक अर्थ लावला. मागच्या टायरची वीस मिलिमीटर रुंदी या मनाईत बसते की नाही, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल, आणि म्हणूनच मी तुमचे प्रकरण त्या पायावर उभे करणार नाही. ‘बाहेरचा व्यास जवळपास तेवढाच राहतो’ हे तुमचे गणित बरोबर आहे: मूळ टायरचा व्यास सुमारे ६१४ मिलिमीटर आणि नव्याचा सुमारे ६१२ मिलिमीटर भरतो, त्यामुळे वेगमापकाच्या नोंदीत फरक पडला असा आरोप टिकू नये. मात्र व्यास सारखा असणे आणि निर्मात्याने ते माप मान्य केलेले असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याच मॉडेलच्या एखाद्या प्रकाराला निर्मात्याने १५०/६०-१७ हे माप दिलेले असेल, तर मालकाच्या पुस्तिकेतील ते पान शोधून जोडा; तसे नसेल तर या मुद्द्यावर शक्यतो मौन बाळगा.

मौनाचा आग्रह धरण्याचे कारण तुमच्याच चौथ्या ई-मेलमध्ये आहे. ‘रुंद टायरमुळे गाडी वळणावर अधिक स्थिर झाली होती’ असे तुम्ही कंपनीला लिहून दिले आहे. ज्या टायरमुळे गाडीची चाल सुधारू शकते, त्याच टायरमुळे ती बिघडूही शकते, हे मांडायला कंपनीला आता तुमच्याच शब्दांचा आधार मिळाला. शिवाय तुमच्या गाडीची मागची रिम ३.५० इंच रुंदीची आहे. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याच्या बाजू आत ओढल्या जातात, माथा अधिक गोलाकार होतो आणि रस्त्याला टेकणारा भाग कागदावरील रुंदीइतका वाढत नाही. उलटतपासणीत हे तुमच्याकडून वदवून घेणे अवघड नाही.

तुमचा खरा आधार सर्वेक्षकाच्या, म्हणजे नुकसान तपासण्यासाठी कंपनीने नेमलेल्या तज्ज्ञाच्या, अहवालात आहे, आणि तो तुम्ही नीट वाचलेला दिसत नाही. ‘मूळ मापापेक्षा मोठा टायर आढळला’ एवढेच त्यात नोंदवले असून त्या टायरमुळे अपघात कसा घडला, याविषयी एक शब्दही नाही. पंचनाम्याप्रमाणे तुम्ही समोरच्या वाहनाच्या मागच्या भागावर सरळ रेषेत आदळला आहात, आणि जोराने ब्रेक लावल्यावर भार पुढच्या चाकावर जातो, हे कोणताही यंत्रतज्ज्ञ शपथेवर सांगू शकेल. तुम्ही कळवलेला नव्या टायरचा भारांक (टायर किती भार पेलतो याचा संकेतांक) ६६ आहे, म्हणजे तीनशे किलो. मूळ टायरचा ६२, म्हणजे दोनशे पासष्ट किलो. भार पेलण्याची क्षमता घटली, असेही कंपनीला म्हणता येणार नाही. अपघाताचे कारण आणि कथित बदल यांचा संबंध दाखवण्याची जबाबदारी कंपनीची आहे, असे आपले म्हणणे राहील. आयोग ते पूर्णपणे मान्य करील की अर्धवट, हे सांगणे धाडसाचे होईल. म्हणून पर्यायी मागणी अवश्य लिहा. पॉलिसीच्या अटीचा भंग मूलभूत स्वरूपाचा नसेल तर देय रकमेच्या पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत दावा मंजूर करावा, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये घेतली होती. तो टायर तुम्ही भंगारात दिला हे वाचून मी कपाळाला हात लावला. आता सर्वेक्षकाने काढलेल्या छायाचित्रांच्या प्रतींची लेखी मागणी करा. बाजूवरील माप आणि उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष दाखवणारे चार अंक त्यांत दिसत असतील तर बरे. आणि प्रमाणित पॉलिसीत टायरचे नुकसान बदलीच्या खर्चाच्या निम्म्यापर्यंतच भरून मिळते, तेव्हा मागणीत टायरची पूर्ण किंमत लिहू नका.

अशा तक्रारीचा निकाल, समोरच्या पक्षाला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत लागावा, असे कायदा म्हणतो. तारखांचा मला असलेला अनुभव पाहता तुम्ही वर्षांचा हिशेब धरावा. त्यातल्या त्यात समाधान एवढेच की कंपनीला लेखी उत्तरासाठी तीस आणि फार तर आणखी पंधरा दिवस मिळतात. त्यापुढे मुदत वाढवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये निश्चित केले. सेहेचाळिसाव्या दिवशी उत्तर आले, तर ते दप्तरी घेण्यास त्याच क्षणी हरकत नोंदवा.

दुरुस्त झालेल्या गाडीला आता कोणता टायर घ्यावा, असे तुम्ही शेवटी विचारले आहे. प्रकरण प्रलंबित असेपर्यंत १३०/७०-१७ हेच माप, पावतीवर माप स्पष्ट लिहून घेऊन. आणि कंपनीला यापुढे एकही ई-मेल पाठवू नका.