आठवणी लिहायला घेतो, पण काही दिवसांतच खंड पडतो. लिहिण्याची सवय कशी टिकवावी?

तुम्ही लिहिलंय की एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झालात, पहाटे उठून रोज दोन तास आत्मचरित्र लिहायचं ठरवलंत, आणि जन्म, गाव, शाळा एवढं झाल्यावर वही बंद पडली. अशा शाळेपाशी अडलेल्या वह्या मी बऱ्याच पाहिल्या आहेत. चिकाटी कमी पडते असं मला वाटत नाही. जन्मापासून सुरुवात केली की आधी येतो तो दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलेला भाग. त्यात आपलाच जीव रमत नाही, मग रोज बसणं जड जातं.

म्हणून क्रम सोडून द्या. एका बैठकीला एक आठवण, तीही जितकी बारीक घेता येईल तितकी. ‘1972 चा दुष्काळ’ असा विषय घेतला तेव्हा मला वर्तमानपत्रासारखी वाक्यं सुचत होती. ‘मिलोची भाकरी’ म्हटलं आणि हात चालू लागला. रेशनवर मिळणारी ती लाल ज्वारी, थापताना भाकरीच्या फाटणाऱ्या कडा, पिठाला चिकटपणा यावा म्हणून त्यावर उकळतं पाणी ओतणारी आई. तिथून आई खडी फोडायला जायची ते आठवलं, त्यावरून तिच्या बोटांना बांधलेल्या चिंध्या. पुढच्या बैठकीचा विषय आपोआप मिळाला. असे विषय मी वहीच्या शेवटच्या पानावर दोन-तीन शब्दांत टिपून ठेवते. बसल्यावर ‘आज काय लिहू’ हा प्रश्न उरत नाही, आणि माझ्या मते सवय मोडते ती बहुतेकदा याच प्रश्नापाशी.

दोन तास फार होतात. वीस मिनिटं पुरे, पण रोजच्या एखाद्या कामाला जोडून. दुपारी ओटा आवरला की मी बसते; घरात सगळ्यांना ते ठाऊक आहे, त्यामुळे तेवढ्या वेळात कुणी हाक मारत नाही. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट लिहू नका. वही भरेपर्यंत मागचं वाचूही नका, शुद्धलेखनाचं नंतर बघता येतं. हात दुखत असेल तर मोबाइलच्या कीबोर्डवरचा माइक दाबून मराठीत बोला, मजकूर उमटतो. गावाकडचे शब्द मात्र तपासून घ्यावे लागतात.

निवांत खोली, टेबल यांची वाट पाहू नका. बेबीताई कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’ हे आत्मचरित्र लिहिलं ते फलटणला दुकान सांभाळत, घरच्यांपासून लपवून. लक्ष्मीबाई टिळकांच्या आठवणी, ‘स्मृतिचित्रे’, याही आधी ‘संजीवनी’ या नियतकालिकातून थोड्या थोड्या येत गेल्या, 1934 पासून पुस्तकरूपात आल्या.

दुखऱ्या आठवणी, भाऊबंदकी, वरिष्ठांनी दिलेला त्रास हे सगळं आत्ता मोकळेपणाने लिहा. कुणाला दाखवायचं, काय गाळायचं, हे पुढे ठरवता येईल.

तुमच्याकडे तर फार मोठा ऐवज आहे. शाळा तूर्त राहू दे. मुक्कामी गाडीची एखादी रात्र घ्या: गाव कोणतं, झोपलात कुठे, भाकरी कुणी आणून दिली, आणि तिकिटांचा हिशेब कशाच्या उजेडात जुळवलात?