बाळुती धुतं कोण?

"मॅडम, डायपर वापरणारी आई आळशी असते का हो?"

खुर्चीत धड बसायच्या आधीच तिने विचारलं. मांडीवर पाच आठवड्यांचं बाळ, शेजारी तोंड फिरवून बसलेल्या सासूबाई, दाराशी नवरा. जुलै महिना होता आणि पुण्यात आठवडाभर झड लागलेली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

भांडण वरवर साधं होतं. बाळाच्या जांघेत लाल पुरळ उठलं होतं. सासूबाईंच्या मते दोष डायपरचा. शिवाय "त्या जाड गठ्ठ्याने पाय फेंगडे होतात" ही भीती. सुनेच्या मते दोष लंगोटांचा, कारण ते पावसात वाळतच नव्हते.

माझं काम नव्या आयांना सल्ला देण्याचं, पुरळ बघून औषध सांगण्याचं नाही. त्यांना आधी बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. कातडीच्या घडीच्या आत, बाजूला बारीक पुटकुळ्या असलेलं पुरळ बुरशीचं असू शकतं आणि त्याला वेगळं मलम लागतं. तसंच निघालं. पण ते का झालं हे विचारत गेले, तेव्हा दोन्ही पक्षांची थोडी पंचाईत झाली. रात्री दहाला बांधलेला डायपर सकाळी सहाला निघत होता, म्हणजे आठ तास. दिवसा लंगोट, पण तो दमट, आणि गादी भिजू नये म्हणून त्यावर प्लॅस्टिकची चड्डी. शिवाय लंगोट जंतुनाशकात बुडवून, एकाच पाण्यात खळबळून काढायचे. ओल, घर्षण आणि कापडात राहिलेला साबण किंवा औषध, नाजूक कातडीला एवढं पुरे होतं. कापड की डायपर, हा प्रश्न तिथे दुय्यमच होता.

पायांचं म्हणाल, तर बाळांचे पाय जन्मतः थोडे बाकदार असतातच. चालायला लागल्यावर, साधारण दोन वर्षांपर्यंत, ते आपोआप सरळ होत जातात. डायपरचा त्यात हात नसतो. उलट बाळाला गुंडाळताना पाय ताणून सरळ करून घट्ट बांधणं खुब्याच्या सांध्याला वाईट. हे सांगितल्यावर सासूबाई गप्प झाल्या, पण पटलेलं दिसलं नाही.

मग मी विचारलं, "बाळुती धुतं कोण?"

कुणीच बोलेना. नवरा छताकडे बघू लागला.

धूत होती तीच. टाके अजून ओढत होते, रात्री तीनदा दूध पाजणं, आणि सकाळी बादलीभर बाळुती. सासूबाई म्हणाल्या, "आम्ही नाही का धुतली?" धुतली, खरंच धुतली. पण त्यांच्या बाळंतपणात त्या माहेरी होत्या आणि सव्वा महिना धुणं त्यांच्या आईने केलं होतं, हे त्यांनीच बोलता बोलता सांगितलं. पुढे आवाज खाली आला. सातव्या महिन्यापासून त्यांनी वापरून मऊ झालेल्या सुती साड्या फाडून चाळीस बाळुती शिवली होती. सुनेने पहिल्याच आठवड्यात डायपरचं पाकीट आणलं, तेव्हा त्यांतली बरीच बाळुती कपाटात गेली. त्यांच्या रागाचं मूळ मला तिथे सापडलं.

मी स्वतः कापडाच्या बाजूची, हे कबूल करते. सुरुवातीच्या काळात एका आईला मी मोठ्या उत्साहाने "फक्त कापडच" सांगितलं होतं. ती महिन्याभराने रडत आली, कारण धुण्यात तिची झोप संपली होती. तेव्हापासून घरातले हात मोजल्याशिवाय मी सल्ला देत नाही.

कापडाचा एक फायदा मात्र मी सगळ्यांना सांगते. पहिल्या आठवड्यानंतर बाळाने चोवीस तासांत सहा-आठदा तरी शू केली, तर दूध पुरतंय याची ती एक खूण. लंगोट लगेच ओला लागतो, मोजता येतं. डायपरमधली जेल पाणी शोषून घेते आणि वरून सगळं कोरडं भासतं, त्यामुळे सुरुवातीला अंदाज चुकतो. सुनेला हे नवीन होतं. सासूबाई लगेच म्हणाल्या, "तेच तर सांगत होते!" त्या आधी नेमकं तेच सांगत नव्हत्या, पण मी काही बोलले नाही.

ठरलं ते असं. दिवसा कापड, प्लॅस्टिकची चड्डी बंद, रोज थोडा वेळ बाळ उघडं. रात्री आणि बाहेर जाताना डायपर, पण तीन-चार तासांनी बघायचा आणि शी झाली की लगेच बदलायचा. पावडर नाही. कपडे मऊ करणारं द्रव्यही नाही, त्याने कापड पाणी शोषेनासं होतं. धुणं नवऱ्याकडे. मशीनमध्ये साधा साबण, दोनदा खळबळून, वाळेनात तर पंख्याखाली आणि शेवटी इस्त्री. तो हिशोबी निघाला. दहा रुपयांचा एक डायपर धरला तर रोजचे सहा म्हणजे महिना १८०० रुपये, रोजचे दोन म्हणजे ६००. आकडा ऐकल्यावर त्याचा धुण्यातला रस वाढला.

वापरलेल्या डायपरचं सासूबाईंनीच विचारलं. शी संडासात टाकायची, डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा आणि वेगळा द्यायचा. २०१६ च्या घनकचरा नियमांतही तो गुंडाळून द्यायला सांगितलं होतं. कचरा वेचणाऱ्या बाईला तो हाताने उघडावा लागू नये, हे त्यांना पायांच्या गोष्टीपेक्षा चटकन पटलं.

दोन महिन्यांनी ती एकटीच भेटायला आली. पुरळ गेलं होतं. नवरा बाळुती धुतो, पण घड्या वाकड्या घालतो, म्हणून त्या सासूबाई परत घालतात. गेल्या आठवड्यात सगळे बारशाला सोलापूरला गेले. बॅग सासूबाईंनी भरली. वर सहा बाळुती होती आणि खाली डायपरचं अख्खं पाकीट.

"एसटीत डायपरच बरा, असं आईच म्हणाल्या," तिने सांगितलं.