एमडी पॅथॉलॉजीनंतर सायटोपॅथॉलॉजीची (सुईने किंवा खरवडून काढलेल्या पेशी बघून निदान करण्याच्या शाखेची) फेलोशिप करावी का? पुढे कोल्हापुरातच काम करायचं असेल तर तिचा उपयोग होतो का?

करा. मात्र नावापुढे आणखी चार अक्षरं लागावीत म्हणून करू नका. फेलोशिप ही डीएमसारखी स्वतंत्र पदवी नाही, आणि इथल्या पेशंटला किंवा सर्जनला त्या अक्षरांशी देणंघेणं नसतं. मी एमडीनंतर मुंबईत हे प्रशिक्षण घेतलं, आता राजारामपुरीत लॅब चालवते, त्या अनुभवावरून लिहिते.

एमडीत सायटोलॉजीचं पोस्टिंग असतं, स्लाइड भरपूर बघायला मिळतात. पण पहिला निर्णय आपला नसतो. फेलोशिपमध्ये तुम्ही आधी रिपोर्ट लिहायचा, मग वरिष्ठ तपासणार, आणि काही दिवसांनी त्याच पेशंटची ऑपरेशननंतरची बायोप्सी आली की दोन्ही स्लाइड शेजारी ठेवून बघायच्या. ही जुळणी जिथे नियमाने होते, तिथेच जा.

दुसरी गोष्ट सुईची. थायरॉइडची गाठ हाताला लागली, पेशंटला गिळायला सांगितलं, ती वर सरकली, आणि २३ ते २५ गेजची सुई बहुतेकदा सक्शन न लावता घातली, इथपर्यंत पुस्तकात आहे. स्मिअर, म्हणजे काढलेल्या पेशींचा काचेवरचा पातळ थर, पसरताना बोटांवर किती जोर द्यायचा ते हातालाच शिकावं लागतं. पॅप पद्धतीने रंगवायची स्लाइड त्याच क्षणी ९५ टक्के अल्कोहोलमध्ये गेली नाही तर पेशी सुकून फुगतात, केंद्रकाचा तपशील पुसट होतो, आणि मग कितीही अनुभवी डोळा असला तरी उपयोग नाही. गिएम्सा या दुसऱ्या रंगासाठीची स्लाइड मात्र हवेत सुकवायची. चांगल्या केंद्रात फेलो स्वतः सुई घालतो, तिथल्या तिथे झटपट रंगवून मटेरियल पुरेसं आहे का बघतो. थायरॉइडला निदान सहा समूह, प्रत्येकात निदान दहा पेशी, हा हिशेब पेशंट टेबलावर असतानाच मांडता आला पाहिजे.

कोल्हापुरात याचं मोल जास्त आहे. चंदगडहून किंवा गगनबावड्याहून आलेल्या माणसाला 'मटेरियल अपुरं, परत या' म्हटलं की त्याची एका दिवसाची मजुरी बुडते आणि एसटीचं भाडं जातं. कित्येक जण परत येतच नाहीत. 'गाठीला सुई लावली की कॅन्सर पसरतो' हे घरच्यांनी आधीच मनात भरवलेलं असतं, त्यांना दुसऱ्या सुईसाठी तयार करणं फार अवघड. मानेतल्या गाठीतून पुवासारखं काही आलं तर त्याच सुईतून टीबीसाठी झेडएन स्टेनची स्लाइडही करायची आणि सीबीनॅट या टीबीच्या जनुकीय चाचणीलाही मटेरियल पाठवायचं, हे भान फेलोशिपच्या काळात अंगात भिनतं.

आणखी एक शिक्षण मिळतं, आणि मला ते सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं: कुठे थांबायचं ते. थायरॉइडच्या सुईचा रिपोर्ट लिहायच्या बेथेस्डा पद्धतीत सहा वर्ग आहेत. तिसरा वर्ग अनिश्चिततेचा. नवा माणूस धास्तीने सगळंच तिथे टाकतो, किंवा उलट, सर्जनचा 'कॅन्सर आहे की नाही तेवढं सांगा' असा फोन आला की नको तेवढं ठाम लिहून देतो. थायरॉइडची फॉलिक्युलर प्रकारची गाठ साधी की कर्करोग हे सुईवरून सांगताच येत नाही, कारण गाठीच्या आवरणात किंवा रक्तवाहिनीत पेशी घुसल्यात का ते पूर्ण गाठ कापून बघावं लागतं. हे सर्जनला शांतपणे, न अडखळता सांगता येणं म्हणजे प्रशिक्षण.

कामाचं स्वरूप बदलतंय हेही ध्यानात ठेवा. स्तनाच्या गाठींना आता बरेच सर्जन थेट कोअर बायोप्सी (जाड सुईने काढलेला तुकडा) मागतात, कारण उपचार ठरवायला ईआर, पीआर, हर-टू या चाचण्या लागतात. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठीच्या पॅप स्मिअरची जागा हळूहळू एचपीव्ही या विषाणूची चाचणी घेते आहे. म्हणून नुसतं पॅप स्क्रीनिंग शिकवणाऱ्या जागेसाठी वर्ष घालवू नका. लिम्फ नोड, थायरॉइड, लाळग्रंथी, छातीतलं-पोटातलं पाणी, ईबसने (श्वासनलिकेतून सोनोग्राफीच्या मदतीने) काढलेलं मटेरियल, सेल ब्लॉक (पेशी गोळा करून बायोप्सीसारखा केलेला ठोकळा) आणि त्यावरची इम्युनो, म्हणजे पेशींची प्रथिनं ओळखणारी चाचणी, हे सगळं तिथे आहे का ते विचारा. फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये पेशंटची तब्येत पाहता पुष्कळदा असं सायटोलॉजीचंच मटेरियल हाती येतं, आणि ईजीएफआर-एएलके या औषध ठरवणाऱ्या जनुकीय चाचण्या त्यावरूनच कराव्या लागतात.

जागा शोधताना नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचे फेलोशिप कोर्स आणि मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलांच्या जाहिराती दोन्हीकडे लक्ष ठेवा. पुढे हौस असेल तर इंटरनॅशनल अकॅडमी ऑफ सायटॉलॉजीची एमआयएसी परीक्षा आहे, तिच्या तयारीत वाचन पक्कं होतं. अमेरिकेत हे प्रशिक्षण एक वर्षाचं, नंतर बोर्डाची परीक्षा. तिथल्या कायद्याने स्क्रीनिंग करणाऱ्याने २४ तासांत १०० पेक्षा जास्त स्लाइड बघायच्या नाहीत. आपल्याकडे लॅबमालकांनी हा आकडा भिंतीवर लावावा असं मला मनापासून वाटतं.

अर्ज करण्याआधी महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबई गाठा, परवानगी काढून दोन दिवस त्या विभागात बसा आणि सध्याच्या फेलोंना एकटं गाठून तीन प्रश्न विचारा: सुई कोण घालतं, पहिला रिपोर्ट कोण लिहितं, आणि बायोप्सीशी जुळलं नाही तर त्या केसवर चर्चा होते का. तिसऱ्याचं उत्तर 'नाही' आलं तर दुसरी जागा बघा.